बरणी क्रमांक चौदा

शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत एकसष्ट बरण्या होत्या, आणि त्या एकसष्ट बरण्यांतील प्रत्येक प्राण्याचे नाव, संघ, वर्ग व किमान तीन लक्षणे ज्याला तोंडपाठ होती असा एकच मनुष्य त्या इमारतीत वावरत होता. त्याची नेमणूक मात्र काचा पुसण्यासाठी झालेली होती.

सारी शाळा त्यांना मामा म्हणे. सेवापुस्तकात त्यांचा हुद्दा ‘प्रयोगशाळा परिचर’ असा होता. बरण्यांतील फॉर्मॅलिन उडून गेले की नव्याने भरणे, झाकणांच्या कडा मेणाने बंद करणे, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवरची मुलांच्या पापण्यांची तेलकट पुटे मऊ कापडाने टिपणे आणि शेवटी टेबले धुऊन काढणे, ही त्यांची सव्वीस वर्षांची कामगिरी. फॉर्मॅलिनने त्यांचे नाक केव्हाच निकामी केले होते आणि आता हातांची पाळी आली होती. बोटांची सालपटे निघत, भेगांतून रक्त येई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, “मलम देतो, पण मलमाने भागायचं नाही. ते काम सोडा.” डॉक्टरांना असे सल्ले देताना तोशीस पडत नाही.

मामांची विद्या भिंतीआडची होती. प्रयोगशाळेच्या मागे प्लायवुडच्या पडद्याने वेगळी केलेली एक सामानाची खोली होती आणि तिथे बसून त्यांनी पाच शिक्षकांच्या कारकिर्दी ऐकल्या होत्या. पेशी म्हणजे सजीवाचा रचनात्मक व कार्यात्मक मूलघटक. समान रचनेच्या व समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. एकच धडा सव्वीस वेळा ऐकल्यावर दगडालाही पेशीभित्तिका फुटली असती. मामा तर मुळातच चौकस. घरी त्यांनी मामींना परासरण समजावून सांगण्यासाठी वाटीभर मनुका पाण्यात टाकल्या होत्या.

“बघ, पाणी आपोआप आत शिरतंय. पटल आहे ना, ते निवडक पारगम्य असतं.”

“अहो, मनुकेत पाणी शिरलेलं दिसतं तुम्हाला,” मामी म्हणाल्या, “आणि न्हाणीघराच्या भिंतीत सहा महिने शिरतंय ते दिसत नाही.”

मामांनी भिंतीकडे पाहिले आणि ते परासरण नसून झिरपणे आहे, असे शास्त्रशुद्ध उत्तर दिले. त्यानंतर दोन दिवस घरात संभाषण झाले नाही.

तर अशा या मामांच्या आयुष्यात एक परिपत्रक आले. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले होते आणि ती जागा भरावयाची होती. सहायकाने बरण्या धुवायच्या नसतात. त्याने नोंदी ठेवायच्या, साहित्य मांडायचे आणि परिचराला हाक मारायची. शाळेतील पात्र कर्मचाऱ्यास प्राधान्य होते. अटी दोन: जीवशास्त्र विषयात बारावी उत्तीर्ण, आणि नेमणुकीच्या दिवशी वय पन्नासच्या आत. मामांचे वय एकोणपन्नास वर्षे दोन महिने होते आणि बारावी त्यांनी वाणिज्य घेऊन केली होती. पात्र कोणी न मिळाल्यास जागा बाहेरून भरण्यात येणार होती, आणि ‘बाहेरून’ म्हणजे मुख्य लिपिकांच्या बहिणीच्या घरून, हे शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सर्वांस ठाऊक होते.

या मुख्य लिपिकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मामा अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मामा, या वयात? पोरांच्या रांगेत बसणार तुम्ही?”

“एकच विषय आहे, भाऊसाहेब. बाहेरून देता येतो.”

“द्या, द्या. फी भरून कुणीही नापास होऊ शकतं. आपल्याकडे तेवढी लोकशाही आहे.”

लेखी परीक्षेत मामांना सत्तरपैकी एकसष्ट गुण पडले. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी अडतीस त्यांच्या मागे राहिली. प्रात्यक्षिक तीस गुणांचे होते आणि त्यात स्वतंत्रपणे पंधरा मिळवणे आवश्यक होते. त्यांतले दहा गुण प्रयोगवहीचे. प्रयोगवहीवर ‘सदर विद्यार्थी वर्षभर प्रयोगशाळेत उपस्थित होता’ असे प्रमाणपत्र लागते. मामा सव्वीस वर्षे उपस्थित होते, परंतु विद्यार्थी म्हणून नव्हे, तेव्हा शून्य. उरले वीस.

आता त्या चौदाव्या बरणीविषयी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे तिच्यात बुडालेले आहे.

बारा वर्षांपूर्वी, तपासणीच्या आदल्या दिवशी, कपाटाची एक फळी कोसळली. नेमकी चौदा क्रमांकाची बरणी फुटली. तीत यकृतकृमी होता: चपटा, पानासारखा, मेंढीच्या यकृतात राहणारा अंतःपरजीवी. तो तत्कालीन मुख्याध्यापकांच्या बुटाखाली आला आणि त्याची लक्षणे नाहीशी झाली. मामा तसेच भाऊसाहेबांकडे धावले.

“नवीन मागवायला आधी जुना रजिस्टरातून कमी करावा लागतो, म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव,” भाऊसाहेब म्हणाले. “तीन सह्या, दोन महिने. तपासणी उद्या आहे.”

“मग काय करू?”

“डेडस्टॉक रजिस्टरला चौदा नंबरवर यकृतकृमी आहे. उद्या कपाटात चौदा नंबरवर यकृतकृमी दिसला पाहिजे. आत काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला सांगूही नका.”

मामा त्या संध्याकाळी शाळेमागच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभे राहिले आणि पोटरीला लागलेली एक जळू घेऊन परतले. तिला काचपट्टीला दोऱ्याने बांधून त्यांनी नव्या बरणीत सोडले, झाकण मेणाने बंद केले, आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: ‘१४. यकृतकृमी’. त्या नमुन्याशी त्यांचे अक्षरशः रक्ताचे नाते होते. तपासणी अधिकाऱ्यांनी बरणी मोजली. शेरा ‘समाधानकारक’ असा आला.

तेव्हापासून दरवर्षी चौदा क्रमांक परीक्षेला मांडला जाई, मुले ‘यकृतकृमी’ लिहीत, आणि भाऊसाहेबांनी रजिस्टरावरून उतरवून दिलेल्या यादीशी ताडून परीक्षक गुण देत. बरणीच्या आत कोणी पाहिले नाही. पाहण्याची आवश्यकताच नव्हती. उत्तर बाहेर लिहिलेले होते. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीवर कागद डकवून फक्त क्रमांक ठेवीत, आणि तो कागद डकवण्याचे काम मामांचे.

या वर्षी मात्र तो कागद डकवून मामा हात धुऊन आले आणि उमेदवारांच्या रांगेत उभे राहिले.

बाहेरचे परीक्षक पिशवी मांडीवर घेऊनच बसले होते, कारण त्यांना पावणेपाचची बस गाठायची होती. अंतर्गत परीक्षक म्हणून जीवशास्त्राचे सर त्यांच्या शेजारी. हे सर सहा वर्षांपूर्वी आलेले. पडद्यावर चित्रे दाखवून उत्तम शिकवीत आणि बरण्यांच्या कपाटाजवळ सहसा फिरकत नसत, त्यांना वासाने मळमळे. मामांनी कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी इतकी नितळ केली की एकही हवेचा बुडबुडा राहिला नाही. तरी आठांपैकी पाचच गुण पडले, कारण उत्तरपत्रिकेत त्यांनी ‘साहित्य’ या मथळ्याखाली काहीच लिहिले नव्हते. चाळीस उमेदवारांचे साहित्य सकाळी सातपासून त्यांनीच मांडले होते. ते पुन्हा लिहून कळवायचे असते हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

उरले चार नमुने, प्रत्येकी तीन गुण. तारामासा, विंचू, बेडकाचे हृदय हे तीन त्यांनी भराभर लिहिले. नऊ. चौथ्या ठिकाणी चौदा क्रमांक होता.

प्रश्नपत्रिकेत छापले होते: ‘समोरील नमुन्याचे काळजीपूर्वक निरीक्षण करून तो ओळखा व दोन लक्षणे लिहा.’

काय लिहिले म्हणजे गुण मिळतील हे त्यांच्याइतके त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते. हिशोबही त्यांनी मनात केला होता: हे तीन मिळाले तर सतरा, न मिळाले तर चौदा. सकाळी निघताना मामींनी बजावले होते, “हे बघा, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा. तुमचं ते ज्ञान घरी ठेवून जा.” मामांनी पेन टेकवले. ‘य’ काढला. मग त्यांनी, बारा वर्षांत पहिल्यांदाच, त्या बरणीकडे परिचर म्हणून नव्हे तर विद्यार्थी म्हणून पाहिले. शरीराची वलये स्पष्ट दिसत होती. यकृतकृमीला वलये नसतात. पुढे एक चूषक होता, मागच्या टोकाला दुसरा, मोठा. यकृतकृमीचे दोन्ही चूषक पुढच्याच बाजूला असतात. गेल्या बारा वर्षांत जवळजवळ पाचशे मुलांना आपण काय लिहायला लावले, हा विचार त्यांच्या मनात आला. आणि असा विचार परीक्षेच्या वेळी मनात येणे हे नापास होण्याचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे.

त्यांनी ‘य’ खोडला आणि लिहिले: ‘जळू. संघ वलयी प्राणी. शरीर खंडित, दोन्ही टोकांना चूषक. बाह्यपरजीवी.’

परीक्षकांनी यादी पाहिली, शून्य दिले आणि बस गाठली.

निकाल लागला. प्रात्यक्षिक चौदा, अनुत्तीर्ण. भाऊसाहेबांनी तो फलकावर अगदी डोळ्यांच्या उंचीवर लावला. मामांनी घरी सगळे सांगितले तेव्हा मामी बराच वेळ त्यांच्या बोटांना मलम लावत राहिल्या.

“म्हणजे तुम्हाला उत्तर येत होतं?”

“दोन्ही उत्तरं येत होती.”

“आणि त्यातलं नेमकं खरं तेवढं लिहिलंत.” त्यांनी डबीचे झाकण लावले. “मग आता गप्प बसू नका. एवढं करून गप्प बसलात तर ते मूर्खपणाचंच ठरेल.”

मामांनी फेरतपासणीचा अर्ज दिला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, भाऊसाहेब आणि सर असे तिघे प्रयोगशाळेत जमले. सरांनी नाकाला रुमाल लावून बरणी खिडकीपाशी उजेडात धरली. त्यांचे ओठ हलत होते. ते वलये मोजत होते. मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, ही... ही जळू आहे.”

“रजिस्टरला यकृतकृमी आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“मग जळू कशी असेल?” मोठ्या बाईंनी विचारले.

“बाई, वलयं आहेत हो! आणि चूषक बघा, मागे...”

“सर, तुम्ही सहा वर्षं या बरणीवर गुण दिलेत ना? तेव्हा वलयं नव्हती?” भाऊसाहेबांनी विचारले.

सरांनी बरणी टेबलावर ठेवली. भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली आणि आवाज मऊ केला.

“मामा, हे बघा. जळू असेल, तर यकृतकृमी गेला कुठे? शाळेची मालमत्ता आहे ती. कपाटाची किल्ली कुणाकडे? तुमच्याकडे. म्हणजे चौकशी आली. आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला बढती देता येत नाही, हा नियम मी केलेला नाही. त्यापेक्षा अर्ज मागे घ्या. पुढच्या खेपेला पुन्हा बसा.”

“पुढच्या खेपेला मी पन्नास पूर्ण केलेले असतील.”

“वयाचं माझ्या हातात नाही.”

“बरणी तुम्हीच भरायला सांगितली होती, भाऊसाहेब.”

“मी? मी तर म्हणालो होतो, मला सांगूही नका. म्हणालो होतो की नाही?”

ते म्हणाले होते खरे. मामांनी भेगाळलेल्या बोटांकडे पाहिले. अर्ज मागे घेतला तर जागा जाणार. नाही घेतला तरी जाणार. फरक एवढाच की एका वाटेने चौदा क्रमांकात यकृतकृमी राहणार आणि आपण नापास. दुसरीने ती जळू ठरणार.

“अर्ज राहू द्या,” ते म्हणाले. “चौकशी करा. मी लेखी देतो, तारखेनिशी. सर, तुमचा अभिप्राय?”

सरांनी ‘नमुना पाहता उमेदवाराचे उत्तर योग्य आहे’ असे लिहिले, पण पेन्सिलीने. मामांनी खिशातले पेन काढून त्यांच्यापुढे धरले आणि अक्षरांवरून अक्षरे गिरवून होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

चौकशी अकरा महिने चालली. तोवर मामा पन्नास वर्षांचे झाले आणि भाऊसाहेबांचे भाचे सहायक म्हणून रुजू झाले. चौकशी समितीचा निष्कर्ष असा: रजिस्टरमधील नोंद बिनचूक आहे; दोष नमुन्याचा आहे. मागील बारा वर्षांच्या गुणांना बाध येत नाही, कारण त्या विद्यार्थ्यांनी नमुना ओळखला नसून क्रमांक ओळखला होता, आणि क्रमांक बरोबर होता. परिचरास लेखी समज देण्यात यावी. निर्लेखनाचा प्रस्ताव यथावकाश सादर व्हावा. तोपर्यंत चिठ्ठी बदलू नये.

सरांच्या शाईतल्या अभिप्रायावरून सुधारलेली गुणपत्रिका त्याच आठवड्यात आली. भाऊसाहेबांनी समजपत्र आणि गुणपत्रिका अशा दोन कागदांवर पोच म्हणून सह्या घेतल्या.

“झालं समाधान?” त्यांनी विचारले.

मामांनी गुणपत्रिका नीट वाचली. प्रात्यक्षिक सतरा. उत्तीर्ण. त्यांनी ती दुमडून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, समजपत्र बाहेरच्या.

“समाधान नाही, भाऊसाहेब. उत्तर बरोबर होतं, एवढंच.”

मग ते घाईने प्रयोगशाळेकडे निघाले. दुसऱ्या तासाला कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होता, चाळीस काचपट्ट्या पुसायच्या राहिल्या होत्या, आणि नवे सहायक अद्याप चहाहून परतले नव्हते.