चौकशीला आलेल्या दोघी

दोन अनोळखी बाया घरात येतात, पाणी पितात आणि चहा यायच्या आत विचारतात, घरात कुणाला साखरेचा त्रास आहे का? अशा बायांवर लगेच विश्वास ठेवणाऱ्या माणसांची मला काळजीच वाटते. माझा तेव्हाही बसला नव्हता.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला, पिंप्राळ्यात आले होते. त्या दोघी पलीकडच्या कॉलनीतल्या. कुठल्याशा ट्रस्टने वस्तीतल्या लोकांना थोडे पैसे दिले होते म्हणे. आरोग्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, तुम्हीच चालवा. म्हणून बायांचं मंडळ झालं होतं. दर शनिवारी मंदिराच्या सभागृहात साखर तपासायची, म्हाताऱ्यांचे पाय बघायचे, जखम असेल तर धुऊन पट्टी करायची आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे घेऊन जायचं. सगळं फुकट. पैसे एकाने द्यायचे, ठरवायचं दुसऱ्याने आणि त्यात कुणाचाच फायदा नाही, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. मतं हवी असतील, नाहीतर कुटुंबनियोजनाचं काही असेल, असं गल्लीत ज्याला त्याला वाटत होतं.

आमच्या घरात मात्र तिसराच संशय होता, कारण नणंदेचं चोपड्याच्या स्थळाशी जमत आलं होतं. केळीबागांचं घर, मुलगा शिकलेला. बोलणी सुरू झाली की समोरच्यांचं कुणीतरी गुपचूप चौकशीला येतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझ्या वेळी धुळ्याला एक बांगडीवाली आली होती. बांगड्या दाखवता दाखवता तिने स्वयंपाकघरात डोकावून घेतलं, आईच्या दम्याचं विचारलं, आणि पुढे लग्नात वरपक्षाच्या पंगतीत जेवताना दिसली. नवऱ्याची चुलत मावशी निघाली. तेव्हापासून मी दारावर आलेल्या बाईच्या आधी तोंडाकडे बघते, मग टोपलीकडे.

त्यातून त्या दोघींपैकी एक सहज बोलून गेली, "माझं माहेर चोपड्याकडचं." सासूबाईंच्या हातातला तांब्या जागच्या जागी थांबला. 

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साखर होती. ही गोष्ट घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. डाव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली होती, ती जखम भरून येत नव्हती. बापाला रोग म्हणजे उद्या पोरीलाही होणार, असं लोक धरून चालतात. म्हणून आबा घरातसुद्धा मोजे घालून बसत. जळगावच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, मोजे घालून. एवढ्यावरूनच कुणालाही शंका यावी, पण सासूबाईंना ते सुचलं नव्हतं.

"आम्हना घरमा बठ्ठा बरा शेतस," सासूबाई हसून म्हणाल्या आणि सगळे ठणठणीत असल्याचा पुरावा म्हणून आबांना हाक मारली. आबा ताठ चालत आले. त्या बायांसमोर त्यांनी गोड चहा घेतला, वर एक पेढाही खाल्ला. चोपड्याकडची बाई मोज्यांकडे बघत होती.

त्या गेल्यावर नणंद म्हणाली, "आई, खरंच तपासत असतील तर आबांना नेऊ या ना." सासूबाईंनी तिला गप्प केलं. "लगीन व्हवू दे, मंग दखू."

शनिवारी भाजी आणायच्या निमित्ताने मी सभागृहाकडे गेले. मला त्यांचं बिंग फोडायचं होतं. आत सतरंजीवर म्हातारी माणसं बसली होती, घमेल्यात कोमट पाणी होतं, आणि तीच बाई एका आजोबांच्या बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपत होती. मला बघून ती हळूच म्हणाली, "आबा टाचेवर जोर देऊन चालतात. घेऊन या त्यांना, उशीर करू नका." मला धीर यायला हवा होता. पण एवढं बारीक बघणारी बाई चोपड्याला काय काय सांगेल, याच विचाराने मी भाजी न घेताच परतले. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी आबांचं अंगणात बसणंही बंद केलं. जखमेला आता वास येऊ लागला होता. सासूबाई खोलीत सारख्या उदबत्त्या लावत.

चोपड्याची मंडळी सुपारी फोडायला आली, त्या दिवशी नणंद चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना कप देऊन झाल्यावर तिने शेवटचा कप आबांपुढे ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा बिनसाखरेचा आहे. आबांना साखर आहे, पायाला जखम आहे. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मला नणंदेचा राग आला, आणि त्याच वेळी तिला कवेत घ्यावंसंही वाटलं. पाहुण्यांनी चहा संपवला, सुपारी खिशातच ठेवली, आणि कळवतो म्हणून उठले.

पाहुण्यांची जीप वळताच आबांनी मोजे काढले. "चाल," ते लेकीला म्हणाले, "आते काय लपाडनं?" मंडळाच्या बाईने पाय बघितला आणि त्यांना तसंच रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

चोपड्याचा निरोप आबा दवाखान्यात असतानाच आला. साखरेचं काही नाही, त्यांच्याही घरात ती दोघांना होती. मुलगी फार बोलते, एवढंच त्यांना खटकलं होतं.

निरोप आला तेव्हा सासूबाई खाटेपाशीच बसल्या होत्या. आता पोरीची काही धडगत नाही, असं मी धरून चालले होते. त्या उठल्या, आबांच्या पट्टी बांधलेल्या पायावरचं पांघरूण नीट केलं, आणि लेकीकडे न बघताच म्हणाल्या, "पुढला पाव्हना येतीन तव्हय पहिलेच सांगी टाक."