बाकीचा सिनेमा गुरुवारी

सनाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. ती म्हणाली, "दीदी, अब्बू गेले… सकाळी पेपर वाचत बसले होते. मले वाटलं डोळा लागला." मी हातातला लाल पेन खाली ठेवला. अशा फोनची तयारी माझ्या मनाने फार वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, असं मला वाटत होतं. फोन आला तेव्हा कळलं, तशी तयारी होत नसते.

सनाचे अब्बू, म्हणजे फारूक सर, मला कुठल्याच वर्गात शिकवायला नव्हते. ते अकोल्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि मी बाळापूरची. आमची ओळख झाली ती डायलिसिस सेंटरमध्ये, शेजारशेजारच्या पलंगांवर. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. माझं नुकतंच बी.एड. झालेलं, लग्न जमलेलं. किडन्या निकामी झाल्याचं कळलं तसं ते मोडलेलंही. बाबा स्टेशनरीचं दुकान आईवर सोपवून मला बसने अकोल्याला घेऊन यायचे. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यातून रक्त मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत यायचं. तो हात हलवायचा नाही. छताच्या पंख्याकडे बघत पडून राहायचं. सर माझ्याआधी दोन वर्षांपासून येत होते. पण ते पंख्याकडे बघत नसत. कपड्यांच्या हँगरची तार वाकवून त्यांनी एक स्टँड बनवला होता, तो पोटावर ठेवून त्यात मुलांचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र अडकवायचे, कानात इअरफोन घालायचे आणि सिनेमा पाहायचे. मोबाइलवर सिनेमे पाहायचे दिवस निदान आमच्याकडे तरी अजून यायचे होते. ते यंत्र सनाचं, तिच्या दहावीच्या परीक्षेसाठी घरात जप्त झालेलं. "पोरीचा जप्त केलेला माल बाप वापरून राहिला," असं ते सिस्टरला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या बिस्किटाएवढ्या पडद्यावर सिनेमा आणणं सोपं नव्हतं. यंत्राच्या मेमरी कार्डात जागा इतकी कमी, की त्यांच्याकडच्या विकत घेतलेल्या डिस्कवरचा सिनेमा आहे तसा त्यात मावतच नसे. तो आधी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लहान करून घ्यावा लागे. सकाळी काम लावलं की संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर घुरघुरत बसायचा. पहिल्या-पहिल्यांदा तर त्यांचे सिनेमे काहीच्या बाही व्हायचे. ओठ आत्ता हलायचे आणि शब्द मागाहून यायचे. गाण्यात पन्नास जणी एकदम नाचू लागल्या की सगळ्यांचे मिळून रंगीत चौकोन व्हायचे. पण सरांना त्याचाच नाद होता. चित्रातलं काय टाकून दिलं तर डोळ्याला कळत नाही आणि काय टाकलं की लगेच कळतं, यावर ते पलंगावर पडल्या पडल्या तासभर बोलू शकत. मी मात्र तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ऐकू यायचं, पण ऐकत नव्हते.

आईने किडनी द्यायचं ठरवलं होतं. तपासण्या जुळल्या होत्या. मीच नाही म्हणत होते. तिचं पोट फाडून घेतलेलं मी आयुष्यभर वागवायचं, तिला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवायचं… आणि एवढं करून जगायचं ते कशासाठी? एका रविवारी मी मनाशी ठरवलं, उद्याचा सोमवार शेवटचा. गुरुवारी जायचं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सोमवारी सुया टोचून झाल्यावर मी सिस्टरला म्हटलं, "पुढच्या वेळी माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर द्या." एवढंच. सिस्टरला ती गंमत वाटली असावी. सरांनी पलंगावरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग कानात घालायला घेतलेले इअरफोन खाली ठेवले, यंत्रावर दोन-चार बटणं दाबली, सिस्टरला हाक मारली आणि तो तारेचा स्टँड यंत्रासकट माझ्याकडे पाठवला.

"मले आज डोकं दुखून राहिलं," ते म्हणाले. "तू पाह्य. बोअर झालं तं बंद कर."

नाही म्हणायलाही ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. मी पाहू लागले. साधाच सिनेमा होता. एक बाई वर्षानुवर्षं हरवलेल्या भावाला शोधत फिरते. गावोगाव विचारत शेवटी एका वस्तीतल्या घरापाशी येते, दार वाजवते. आतून कडी काढल्याचा आवाज येतो, दार जरासं हलतं… आणि पडदा काळा.

"सर, बंद पडलं."

"बंद नाई पडलं, संपलं. कार्डात तेवढाच मावला. बाकीचा सिनेमा गुरुवारी."

"दार कोण उघडतं? नुसतं सांगा ना."

"मीनं कुठं पाह्यला अजून?" ते शांतपणे म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

गुरुवारी सकाळी बाबांनी दारातून हाक मारली. मी पांघरुणात होते. न जाण्याचं ठरलेलंच होतं. आणि मला आठवलं ते दार. चिडून आठवलं. जगायचं की नाही एवढ्या मोठ्या प्रश्नाशी त्या दाराचा काय संबंध? पण उठले, चप्पल घातली आणि बसमध्ये बसले, हे खरं आहे. दार उघडलं ते भलत्याच माणसाने, आणि सिनेमा पुढे तसा बेताचाच निघाला. पण तोवर माझं गुरुवारचं डायलिसिस होऊन गेलं होतं. सुटका झाल्यावर सर हळूच म्हणाले, "सोमवारी दुसरा आणतो. अर्धाच मावते म्हणा."

मग मी तोंड भिंतीकडून इकडे वळवलं. त्यांना प्रश्न विचारू लागले. एवढा मोठा सिनेमा एवढासा होतोच कसा? ते समोर बोट दाखवून म्हणाले, "समोरची भिंत हलून राहिली का? नाई ना? मंग तिले घडीघडी काहून लिहाचं? एकदा लिहिली, झालं. सिस्टर चालली, तं फक्त सिस्टर लिहाची. भिंत तशीच राहू द्याची." कॉम्प्युटर सिनेमा दोनदा पाहतो, हेही त्यांनीच सांगितलं. पहिल्या खेपेला नुसता पाहून घेतो, कुठे गर्दी आहे, कुठे शांतता आहे. दुसऱ्या खेपेला लिहितो, गर्दीला जास्त जागा देतो, शांततेची थोडक्यात बोळवण करतो. डायलिसिस संपलं की बाबांना बाजाराची कामं असायची, तेव्हा मी सरांच्या घरी जाऊन कॉम्प्युटरसमोर बसू लागले. एक दिवस आकडे बघताना लक्षात आलं, की सिनेमाचे दोन्ही अर्धे मिळून कार्डात आरामात मावतात. वर जागा उरते.

मी म्हटलं, "सर, अख्खा मावतो हा."

"हाव. मावते."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून…"

"पहिल्या दिवशी कार्डात अख्खाच होता," ते म्हणाले. "तू सिस्टरशी बोलली ना, तवाच मी मधातून थांबवाची खूण लावून देली. तुले फसवलं नाई, पोरी. मध्यांतर देलं."

मी पुन्हा पडद्यावरच्या आकड्यांकडे वळले. बोलले असते तर रडले असते, आणि सनाची अम्मी, म्हणजे चाची, आतल्या खोलीत होत्या.

त्याच उन्हाळ्यात बार्शीटाकळीच्या कौसल्याबाईंच्या नातीचं लग्न झालं. कौसल्याबाई आमच्या समोरच्या पलंगावर असत. लग्न सोमवारी आलं, तेही यवतमाळकडे, लांब. त्यांना जाता आलं नाही. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग घेऊन त्यांचा मुलगा आला. घरी प्लेअर नव्हता. सर म्हणाले, द्या इकडे. काम मी केलं, माझं पहिलंच. तीन तासांचं लग्न कार्डात बसवलं आणि मोठ्या ऐटीत गुरुवारी कौसल्याबाईंपुढे धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, डोळे बारीक केले. "मंडप तं लय झाक दिसून राहिला वं," त्या म्हणाल्या, "पन माही पोरगी कोनती?" लायटिंग, कारंजं, फुलांच्या माळा लुकलुकत होत्या म्हणून कॉम्प्युटरने सगळी जागा त्यांना दिली होती, आणि चेहरे पुसट झाले होते.

सर माझ्यावर रागावले नाहीत. त्या दिवशी सुया काढल्यावर मला घरी घेऊन गेले आणि दोघांनी मिळून ते लग्न पुन्हा बसवलं. कारंजं कापून टाकलं. रांगेत उभे राहून फोटो काढणारे पाहुणे कापले. मंडपाचा वरचा भाग छाटून टाकला. नवरीच्या चेहऱ्याला जेवढी देता येईल तेवढी जागा दिली. सोमवारी कौसल्याबाईंनी ते पाहिलं. नवरी निघताना आईच्या गळ्यात पडते तिथे आल्यावर त्यांनी मोकळ्या हाताने यंत्र उचललं, कपाळाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. सिस्टर रक्तदाब मोजायला आली होती. ती पट्टा हातात घेऊन थांबली.

घरी जाताना बसमध्ये मी बाबांना विचारलं, "आईला खरंच द्यायची आहे का?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिले वाटते तू तिले परकी समजतं." मी पुढच्या गुरुवारी सरांना माझी सगळी भीती सांगितली. त्यांनी या वेळी गंमत केली नाही. "सनाची अम्मी माह्यासाठी तयार होती," ते म्हणाले. "सगळं जुळलं होतं. पन माह्यं हृदय कमजोर. डॉक्टर म्हणे, टेबलावरच जाशील… तिनं नवा सलवार-कमीज शिवून ठेवला होता, दवाखान्यात नेण्यासाठी. अजून घडी मोडली नाई." मग म्हणाले, "तुले मिळून राहिलं, तं घे. आईले नाई म्हणू नको. घेणंबी शिकावं लागते."

त्या वर्षी नागपूरला माझं ऑपरेशन झालं. आई माझ्याआधी चालू लागली. दोन वर्षांनी मला अमरावतीला नोकरी लागली. सर मात्र सोमवार-गुरुवार जातच राहिले. पुढे सगळ्यांच्या हाती स्मार्टफोन आले, सेंटरमध्ये भिंतीवर टीव्ही लागला, त्या छोट्या यंत्राची गरज संपली. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते फोनवर म्हणाले, "माह्या कामाचा कंटाळा आला होता वं. आता मीबी लोकासारखा आयता सिनेमा पाह्यतो." तरी कुणा पेशंटच्या घरचं बारसं, कुणाच्या शेतातली नवी विहीर, असलं काही लांबलचक शूटिंग आलं, की ते छाटून, नेटकं करून द्यायचे. इतकी वर्षं डायलिसिसवर काढणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही, असं डॉक्टर म्हणायचे. त्यांना सारखं कुणाचं तरी काहीतरी द्यायचं बाकी असायचं, त्यांना जायला सवड कुठे होती?

सरांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी आईला घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. सनाने दार उघडलं. ती आता तिथल्याच कॉलेजात शिकवते. सरांची खोली आवरलेली होती, खिडकी उघडी होती, आणि कॉम्प्युटरवर सना कुणाच्या तरी आजोबांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग छाटत होती. "सेंटरमधून आलं," ती म्हणाली. "अब्बूंना विचारायला आले होते, मीच ठेवून घेतलं." आई आणि चाची एकमेकींचे हात धरून बसल्या.

मग चाचींनी चहा आणला. कप अगदी लहान, भातुकलीतले म्हणावेत तेवढे. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं; सरांना एकट्यालाच लहान कप नको, म्हणून त्या घरात सगळे तसल्याच कपांतून पीत आले होते. मोठे कप वरच्या फळीवर तसेच होते. ते काढायचं चाचींच्या अजून मनात आलं नव्हतं… किंवा आलं असेल आणि त्यांनी काढले नसतील. चहा दोन घोटांत संपला. चाचींनी सवयीने ट्रे उचलला, मग थबकल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेटा, तुला तर चालतं ना? अजून घेशील?"

आई माझ्याकडे बघत होती. मी कप पुढे केला.

"घेते," मी म्हटलं. "भरून द्या."