रेघेपर्यंतचं पाणी

सगुण गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मीच ती गावाला दिली. इस्पितळाच्या पायरीवर बसून हळर्णला फोन लावला आणि म्हटलं, "हार्टनं गेला." पुढे बाराव्याला जमलेले लोक म्हणू लागले, दारूनं खाल्ला बिचाऱ्याला. मी त्यालाही मान डोलावली. आज सात आठवडे झाले, मी आपला मान डोलावतोच आहे. धाकट्या भावावर चार शब्द लिहा, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सुचवलं तेव्हा आधी नको म्हटलं, मग वाटलं, लिहायचंच तर खरं लिहावं. खोटं बोलून झालंय पुष्कळ.

सगुण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, तो डिचोलीकडच्या एका खाणीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. ट्रकांच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या त्या हातांना माशांचं वेड कुठून लागलं देव जाणे! काचा कापून आणून त्यानं स्वतः चार फुटांची टाकी जोडली, आपल्या घराच्या सोप्यावर ठेवली आणि तिच्यात सहा एंजल मासे सोडले. चपटे, रुपेरी, लांब पंखांचे. कामावरून आला की चहाच्या आधी टाकीपाशी. त्याची बायको सुलभा म्हणायची, "माका विचारूक नाय कदी, जेवलंस काय म्हणून. माशांका मात्र विचारता."

त्या टाकीत पहिली ढवळाढवळ माझीच. हरमलच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपल्या आणल्या आणि मोठ्या हौसेनं तळाशी पसरल्या. शोभा आली खरी, पण महिन्याभरात मासे कोपऱ्यात गप्प बसू लागले. सगुणनं पाण्यात पट्टी बुडवली, रंग बघितला आणि म्हणाला, "दादा, शिंपल्यांचो चुनो पाण्यात उतरता. पीएच चढलो." आमच्या विहिरीचं पाणी जांभ्या दगडातलं, मऊ. माशांना ते मानवलेलं. त्यानं रोज मूठभरच शिंपल्या काढायच्या ठरवल्या आणि देशी बदामाची झडलेली पानं धुऊन उन्हात वाळत घातली. त्यांच्या अर्कानं पाण्याचा पीएच सावकाश उतरतो म्हणे. मी हसलो. आम्ल घातलं की अल्कली मरतं, हे तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस मी, मला पाचोळ्याची गरज काय?

गणेशचवथीला तो सुलभाच्या माहेरी, लाटंबार्सेला गेला होता. टाकी माझ्यावर सोपवून. बहुतेक शिंपल्या अजून टाकीतच होत्या. मी स्वयंपाकघरातून माडाच्या सुरेचा शिरका आणला, आमच्याकडे त्याला विनागर म्हणतात, आणि दोन चमचे ओतले. पट्टीचा रंग ढिम्म हलला नाही. आणखी दोन. शिंपल्यांवर बारीक बुडबुडे आले, रंग तिथंच. मग मला आला राग. पाण्यावरसुद्धा राग येतो माझ्यासारख्या माणसाला! अर्धी बाटली रिकामी केली आणि पट्टी एकदम पिवळी पडली. मी खूश. दुपारपर्यंत सहाही मासे आडवे झाले होते.

परत आल्यावर तो रागावला नाही, तेच मला जास्त लागलं. एकेक मासा उचलून त्यानं माडाच्या मुळाशी पुरला. हात धुता धुता म्हणाला, "मासो खराब पाण्यान मरणा नाय, दादा. त्या पाण्याची त्याका सवय जाल्ली आसता. तो धक्क्यान मरता." मग खिळा घेऊन पितळी तांब्याच्या आत बोटभर उंचीवर रेघ ओढली. बदामाच्या पानांचं पाणी रोज एवढंच, सकाळी एकदा, आधी पट्टी बघून. रंग एका दिवसात थोडाही जास्त उतरला तर दुसऱ्या दिवशी काही घालायचं नाही. नवे मासे त्यानं दीड महिन्यानं आणले. ती रेघ माझ्यासाठी होती हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे खाणी बंद पडल्या. आधी गंमत म्हणून घेणारा सगुण सकाळीच घेऊ लागला. सहा-सात वर्षं गेली अशी. शेवटी शेवटी ग्लासभर सोरो, म्हणजे गावठी दारू, पोटात गेल्याशिवाय त्याचे हात थरथरायचे थांबत नसत. तरी तांब्यातलं पाणी कधी रेघेवर गेलं नाही. सुलभा माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, "भावोजी, तुमचा तेवडा ऐकतलो तो."

ऐकलं त्यानं. सोमवारी मी त्याला देवीच्या देवळात नेलं, गाऱ्हाणं घातलं, नारळावर हात ठेवून आण घ्यायला लावली. आजपासून थेंब नाही. सगुण हळूच म्हणाला, "एकदम नको, दादा... मागे सोडून बघितलंय, तेवा हातपाय कापूक लागल्ले. आदी डाक्टराक इचारूया." मी म्हटलं, "देवीसमोर डॉक्टर कसले काढतोस? मर्द आहेस की नाही?" त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, चवथीनंतर बघितलं होतं तसंच बघितलं त्यानं. मग हात नारळावर ठेवला. त्याच्या घरी येऊन मी सगळ्या बाटल्या परसात ओतल्या आणि बाहेरच्या दाराला कडी घातली.

मंगळवारी घामानं चादर भिजली. बुधवारी त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, नसलेल्या. सुलभा म्हणाली गाडी सांगूया. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, सोसू दे त्याला जरा. गुरुवारी दुपारी त्याला झटका आला, मग लगेच दुसरा. जीपमध्ये त्याचे पाय माझ्या मांडीवर होते. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वर्षं पीत होते, आणि बंद केव्हा केली? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडत नाहीत हो, काका. आमच्याकडे आणायचं होतं. औषधं देऊन, लक्ष ठेवून, टप्प्याटप्प्यानं सोडवतात."

मला हे माहीत होतं. डॉक्टरकीतलं नव्हे, पण माहीत होतं. माझ्या भावानं मला ते खिळ्यानं पितळेवर लिहून दिलं होतं. सगुणला दारूनं मारलं असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की ती घाई माझी होती.

बाराव्यानंतर कुणीसं म्हणालं, टाकी देऊन टाका. सुलभानं ऐकलं नाही. विहीर आटत आलीय, नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून घालावं लागतं आणि पीएच चढतो. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्या सोप्यावर जातो. सगुणनं दोरीला ओवलेली बदामाची पानं अजून आढ्याला लटकताहेत, त्यातलंच एक भिजत घातलेलं असतं. सुलभा स्वतः पट्टी बुडवते, रंग बघते, मग तांब्या माझ्या हातात देते. पण आत जात नाही. मी ओतून संपवीपर्यंत शेजारी उभी राहते, नजर तांब्यावर.

"रेघेपर्यंतच हां, भावोजी," ती म्हणते. रोज म्हणते.