हिराबाईंचा समुद्र

शेजारणीनं आज सुके बोंबील भाजले आणि अख्खी कांदिवली उठून बसली. मी मात्र थेट वेसाव्याच्या वाळूत जाऊन पोचले.

तेव्हा मी आंतरराष्ट्रीय विकासाचा अभ्यास करत होते. संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच भरून घ्यायचा होता. नाही जमलं तर वर्ष गेलं! मी छापील नकाशा हिराबाई कोळणीपुढे पसरला.

“काय गो पोरी, दर्यान काय बी नाय? आमी काय निल्या रंगान जाली टाकतो?”

तिनं काठी घेतली आणि वाळूत समुद्र काढायला लागली. इथं खडक, इथं गाळ, इथं घोळ मासा, इथं सासऱ्याची होडी बुडाली. तिला जागा द्यायला मी मागे सरकत गेले. शपथेवर सांगते, बोरिवली आली तरी तिचा समुद्र संपेना!

कागदावर तो मावणं शक्यच नव्हतं. शेवटी निळ्या भागावर मी लिहिलं, ‘इथलं मला काही माहीत नाही. हिराबाईंना विचारावं.’ पुढे ढीगभर अहवाल लिहिले, पण इतकं खरं वाक्य पुन्हा जमलं नाही.

नापास व्हायच्या तयारीनंच मी तो कागद सरांना दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला.

“उद्या मलाही घेऊन चल.”