कोळशी आणि माझे चार दिवस

संत्र्याच्या झाडावर कोळशी कशी येते, हे मी आज शाळेतल्या पोरालाही दोन वाक्यांत सांगेन. पानाच्या खालच्या अंगाला तिळाहून बारीक काळे किडे चिकटून बसतात, रस पितात आणि गोड चिकट पाणी टाकतात. ते खालच्या पानांवर पडतं, त्यावर काजळी चढते आणि बघता बघता झाड तव्याच्या बुडासारखं काळं होतं. बस, एवढंच. पण इंग्रजाच्या अमदानीत, केनवडजवळच्या माझ्या सासरी, ही कोळशी माझ्या सावलीनं आली होती. हे लिहिताना या म्हातारपणीही संताप होतो.

तेव्हा मला विसावं लागलं होतं. आषाढात एकदा मी बागेत भाकरी घेऊन गेले आणि परतताना वाटेतच लक्षात आलं, मला कावळा शिवला होता. घरी येऊन सासूबाईंना खरं ते सांगून टाकलं. खोटं बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. श्रावणात पानं काळी पडली आणि सासूबाईंना आषाढ आठवला. विटाळशी बाई पानमळ्यात गेली की वेल जळतो, असं आमच्याकडे मानायचे; सासऱ्यांनी तोच कायदा संत्र्याला लावला. चोर पानाखाली बसून रस पीत होता आणि फाशी संन्याशाला.

सासऱ्यांनी फर्मान काढलं. मी काट्यांच्या कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. दिवाळीपर्यंत बाग उजळली नाही तर मला माहेरी, किन्हीराजाला, पोचवायचं आणि शेवटचं झाड हिरवं होईस्तोवर आणायचं नाही. झाडं मेली तर मी कायमचीच तिकडे, हे न सांगता कळत होतं. माझे यजमान शेजारी बसून सुपारी कातरत होते. बागेच्या फाटकावर काळी बाहुली टांगली गेली, सोबत बिब्बा, लिंबू आणि एक फाटकी चप्पल.

भादव्यात मी नेहमीप्रमाणे चार दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात बाहेर बसले. गोठा घरामागे, आणि त्याला लागूनच बागेचं कुंपण. पहिल्या ओळीतली एक फांदी कुंपणावरून गोठ्यात वाकली होती. करायला काम नव्हतं, म्हणून मी एक पान उलटून पाहिलं. खालून ते किड्यांनी खच्चून भरलं होतं. महिनाभर अख्खं घर त्या पानांकडे वरून बघत उसासे टाकत होतं, पण एकानंही पान उलटलं नव्हतं.

माझे वडील बैलांच्या गोचिडांवर तंबाखूचं पाणी लावायचे. रस पिणारा काय आणि रक्त पिणारा काय, जात एकच. तंबाखूच्या काड्या गोठ्यात होत्याच. चौथ्या दिवशी डोकं धुवायला मला रिठे मिळायचे, ते मी पहिल्याच दिवशी मागून घेतले. दोन्ही भिजत घालून कुटलं, गाळलं. आढ्याला यजमानांची होळीची पितळी पिचकारी खोचलेली होती, ती काढली. कुंपणात वाट केली आणि फांद्यांखाली उकिडवं बसून पानांच्या पोटावर मारा सुरू केला. ते पाणी डोळ्यांत जायचं, हात जळायचे. भर दिवसा हे चालायचं. त्या चार दिवसांत माझ्याकडे कुणी पाहायचं नाही असा नियमच होता, त्यामुळे मला कुणी पाहिलं नाही.

आश्विनातही तेच केलं. गोठ्याकडच्या अकरा झाडांवर नवी पालवी आली ती स्वच्छ हिरवी. बाकीची बाग तशीच काळी.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सासरे बाग पाहून आले आणि खुशीत म्हणाले की बाहुलीनं पहिली ओळ राखली. बाकीच्या झाडांवर मात्र सुनेची सावली अजून आहे, तेव्हा भाऊबीजेला तिला पोचवून द्या. यजमान "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"नं माझं डोकं फिरलं.

मी पदर सावरत अंगणात आले. सासऱ्यांसमोर तोवर एक शब्द बोलले नव्हते.

"बाहुलीनं नाही, मामाजी. ते झाडं म्या धुतले. बाहेर बसली होती तवा. दोन महिने."

पलीकडच्या ओळीतलं काळं पान तोडून आणलं, ते उलटं त्यांच्यापुढे धरलं आणि किडे नखानं चिरडून दाखवले. तंबाखू सांगितली, रिठे सांगितले, पिचकारी दाखवली. सासूबाई भिंतीला टेकल्या. सासरे ते पान हातात न घेता पाहत राहिले, मग उठून बाहेर गेले. आता माझं गाठोडं बांधायचं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात तंबाखूचं पोतं आणि पाटीभर रिठे येऊन पडले होते. ऐकलं म्हणायचं यांनी. तेवढ्यात ओसरीवरून सासरे सासूबाईंना विचारत होते ते कानावर पडलं.

"इचार तिले, बाहेर कवा बसनार हाय. बाकीचे झाडं राह्यले."

मी त्यांना किडा दाखवला होता. त्यांनी पाहिला तो विटाळच. काल त्यानं बाग जळत होती, आज त्यानंच कीड मरत होती. मी सासूबाईंकडून निरोप धाडला की हे काम कोणत्याही दिवशी होतं, गड्यांनीही होतं, उद्यापासून चार गडी लावा. पालथ्या घड्यावर पाणी. गड्यांना पिचकारीला हात लावू दिला नाही, आणि मलाही नाही, ते चार दिवस सोडून.

मला किन्हीराजाला धाडलं नाही. महिन्यातून चार दिवस मी झाडं धुवायची. बाकीचे दिवस पिचकारी आढ्याला, तंबाखू पोत्यात, आणि किडे पानाखाली निवांत. मी कुंपणाशी उभी राहून ते पाहायची. पलीकडच्या दोन ओळी त्या उन्हाळ्यात वाळून गेल्या, माझ्या पाळीची वाट पाहता पाहता.