मागच्या शिफ्टचं विमान

चाकणच्या कंपनीत मी प्रेस मशीन चालवतो आणि गुरुवारच्या सुट्टीत, रावेतच्या घरी, कॉम्प्युटरवर विमान. जुन्या सिम्युलेटरमध्ये माझं एक छोटं बिझनेस जेट होतं. कधीही उघडा, ते इंजिनं चालू ठेवून धावपट्टीवर उभंच असायचं. मग नवा सिम्युलेटर घेतला आणि त्यात त्याच जेटचं नवं ॲड-ऑन, म्हणजे वेगळं विकत मिळणारं मॉडेल, टाकलं. पहिल्या गुरुवारी झकास उडालं.

पुढच्या गुरुवारी उघडलं, तर कॉकपिटमध्ये एकही दिवा लागेना. इंजिन तर लांबच राहिलं. मला काही कळेना. कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. जुना सिम्युलेटर उघडून पाहिला, तर तिथलं जेट आपलं निवांत घुमत उभं! विमान तेच, माणूस तोच, मग बिघडलं काय? शेवटी एकेक बटण तपासलं आणि डोकंच फिरलं.

"कुठल्या गाढवानं बॅटरीपासून सगळं बंद करून ठेवलंय?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, त्या कॉम्प्युटरला तुमच्याशिवाय हात कोण लावतं?"

मग आठवलं. विमान उतरवल्यावर मीच, शिफ्ट सुटताना मशीनचं करतो तसं, मेन स्विचपर्यंत सगळं बंद करून उठलो होतो. जुनं जेट हे विसरायचं, नव्या जेटनं लक्षात ठेवलं होतं.

मशीन अडलं की आधी मागच्या शिफ्टवाल्याला शिव्या घालायच्या, ही आमची रीत. वीस वर्षं घालतोय. मागची शिफ्ट माझीच निघाली, असं पहिल्यांदाच झालं. की पहिल्यांदाच कळलं?