आबांच्या बसला घाट चढेना

आमचे आबा निवृत्त झाल्यावरही रोज बस चालवतात. बस आमच्या बैठकीतून हलत नाही, एवढाच काय तो फरक.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात एसटीचं स्टेअरिंग धरलं. निवृत्तीनंतर ते ओसरीत खुर्ची टाकून बसायचे आणि मारेगावच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गिअर चुकला म्हणून शिव्या घालायचे. पुढे पुढे शिव्याही थांबल्या, जेवण अर्ध्यावर आलं, तेव्हा मात्र आम्हाला काळजी वाटायला लागली. माझी मुलगी ऋचा नागपूरला शिकायला जाताना आपला कॉम्प्युटर घरीच ठेवून गेली. जाण्याआधी तिनं त्यात बस चालवायचा गेम टाकला, टेबलाला स्टेअरिंग बसवलं आणि टेबलाखाली क्लच-ब्रेक मांडले. दुसऱ्या दिवशी आबा दाढी करून, खाकी शर्ट घालून ड्युटीवर हजर! भूक परत आली. (शिव्याही परत आल्या. आता त्या गेममधल्या ट्रकवाल्यांना मिळतात.)

अडचण एकच होती. सपाट रस्त्यावर बस झकास पळायची, पण पावसातला घाट लागला की पडद्यावरचं चित्र अडखळायचं. आबा वळण घ्यायचे तेव्हा वळण दिसायचं नाही, आणि दिसायचं तेव्हा बस दरीत असायची.

"उभ्या नोकरीत एक कोंबडी नाही मारली म्या," आबा हताश होऊन म्हणाले. "अन् इथं रोज गाडीभर सवाऱ्या दरीत टाकून राह्यलो. रविवारी नामदेव येऊन राह्यला पाह्याले. त्याले काय दाखवू?"

नामदेवकाका म्हणजे आबांचे कंडक्टर. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर काढली. आता ते राळेगावला असतात आणि गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. आबांनी फोनवर "घाट चढवून दाखवतो" असा शब्द दिला, केवळ म्हणून ते यायला तयार झाले होते. घाट चढला नसता तर आबा पुन्हा ओसरीतल्या खुर्चीत गेले असते, हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं.

मी ऋचाला फोन लावला.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल. चित्र रंगवायचं काम तेच करतं," ती म्हणाली. "पण नीट ऐका. कॉम्प्युटरच्या आत वीज पुरवणारा एक डबा असतो. आपला साडेचारशे वॅटचा आहे. त्याला झेपेल असं लहानच कार्ड घ्या. मी नाव पाठवते, तेच आणा."

ही पोरगी मला भार शिकवत होती! मी वीज कंपनीत साहेब आहे. तालुक्यातल्या शेतपंपांच्या मोटारींचा भार माझ्या सहीनं मंजूर होतो. तीन एचपीचा अर्ज भरून गुपचूप पाचाची मोटार लावणाऱ्या शेतकऱ्यांना बांधावर गाठणं हे माझं आवडतं काम. "डीपी काय रबराची आहे का, ताणली की वाढायला?" असं मी त्यांना विचारतो. (डीपी म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.) हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि ते मी कधीच वाया जाऊ देत नाही.

तर मी यवतमाळला गेलो. दुकानदारानं ऋचानं सांगितलेलं कार्ड काढून दिलं. एवढंसं, एकच पंखा असलेलं, केविलवाणं. आता आमच्या घराण्याची रीत अशी की कुठलीही वस्तू मापाची घ्यायची नाही, वाढत्या अंगाची घ्यायची. माझा पाचवीतला शर्ट मला दहावीत मापाचा झाला. लग्नातला कोट अजून व्हायचा आहे. साहजिकच माझी नजर शेजारच्या तीन पंख्यांच्या कार्डावर गेली.

"हे द्या."

"साहेब, पॉवर सप्लाय कितीचा हाय तुमचा?"

"साडेचारशे."

"मंग नाही झेपत हे. याले साडेसहाशेचा पायजे. सप्लायबी बदलून घ्या."

मी नुसता हसलो. पाटीवरचा आकडा आणि खरी ताकद यातलं अंतर मला कुणी सांगायचं? माझ्या तालुक्यात हंगामात एकेक डीपी पाटीवरच्या आकड्याच्या दीडपट भार ओढते आणि जळत नाही. (बहुतेक वेळा जळत नाही.) पाटीवर साडेचारशे लिहिलंय म्हणजे डबा सहाशे सहज ओढणार, हे मी त्याला समजावून सांगितलं.

"तुमी वीजवाले, बापा. तुमाले मी काय सांगू?" असं म्हणून त्यानं कार्ड बांधून दिलं.

शनिवारी मी ते बसवायला घेतलं. कार्ड इतकं लांबरुंद की कॉम्प्युटरचं दार लागेना. माझी बायको संगीता चहा घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"हे दार काहून उघडं ठेवलं?"

"हवा लागते त्याला."

"अन् हे वायर?"

वायरीचं असं होतं की कार्डाला विजेच्या दोन पिना हव्या होत्या आणि डब्यातून एकच येत होती. खोक्यात एक जोडवायर मिळाली, ती लावून मी एकीच्या दोन केल्या. शेतात कुणी असं काही केलेलं दिसलं तर मी उभ्या उभ्या पंचनामा करतो. घरात मी संगीताला "हे तांत्रिक आहे" असं सांगितलं.

सुरू केलं आणि काय सांगू! झाडाचं पान न् पान दिसायला लागलं. रस्त्यातल्या डबक्यात ढग दिसत होते. आबांनी पडद्याला हात लावून पाहिला. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. बस घाटाला लागली, पाऊस सुरू झाला, आबांनी गिअर उतरवला, आणि फट्ट. पडदा काळा, पंखे बंद, सगळं थंड.

"ब्रेकडाऊन," आबा शांतपणे म्हणाले. "चाकाले गोटा लावा."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा घाटात फट्ट. मी जाहीर केलं की हा व्होल्टेजचा घोळ आहे. कार्डावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही, कारण ते मी निवडलं होतं.

रविवारी सकाळपासून मी घरातला भार उतरवायला लागलो. आधी फ्रिज बंद केला, मग मिक्सर काढला, मग पाण्याची मोटार. नामदेवकाका आले तेव्हा मी कूलर बंद करत होतो. भर मे महिन्यात, मारेगावात, पाहुणा दारात असताना मी कूलर बंद करत होतो.

"माणसं उकडून काढता का आता?" संगीता म्हणाली.

मी तिकडं लक्ष न देता ऑफिसात फोन करून आमच्या भागातलं व्होल्टेज विचारलं. तिकडून उत्तर आलं, "साहेब, तालुक्यात सगळ्यात चांगलं व्होल्टेज तुमच्याच घरी आहे. तुम्हीच तसं करून घेतलं ना?"

नामदेवकाका आबांच्या शेजारी खुर्चीवर बसले. त्यांनी खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला. (चिमटा त्यांच्या खिशात अजून असतो. त्याशिवाय बाहेर पडलं की चुकल्यासारखं वाटतं म्हणतात.) चिमट्यानं स्टीलच्या गिलासावर टण् टण् अशी डबल बेल दिली. आबांनी गाडी काढली. दोघंही घामानं निथळत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जुनी ड्युटी आली होती. घाट लागला. पहिलं वळण. फट्ट.

मग नामदेवकाकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "राहू दे बे, भाऊ. गाडी म्हातारी झाली. आपल्यासारखी."

आबांनी स्टेअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी ऋचाला फोन लावला. गडबडीत तो स्पीकरवर लागला.

"कोणतं कार्ड आणलं, बाबा?"

मी सांगितलं.

"मी पाठवलेलं नाव?"

"ते लहान होतं."

"आणि डबा?"

"तोच. म्हणजे पाटीवर साडेचारशे आहे, पण प्रत्यक्षात..."

"बाबा," ऋचा म्हणाली, "तीनचा अर्ज भरून पाचाची मोटार लावली तुम्ही. डबा काय रबराचा आहे का?"

संगीता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आबा भिंतीकडे बघायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

"आता भार कमी करा," ऋचानं हुकूम सोडला. आधी तिनं कार्डाच्या वीज ओढण्यावर मर्यादा घालून घेतली. मग गेममधला पाऊस बंद करायला लावला. बस दुसऱ्या वळणापर्यंत गेली, फट्ट. धुकं काढलं, सावल्या काढल्या. तिसरं वळण, फट्ट. मग झाडं काढली. शेवटी बसमधले प्रवासीही उतरवले. वाढत्या अंगाच्या कार्डावर आता एक बोडका डोंगर आणि एक रिकामी बस उरली. याहून सुंदर चित्र जुन्या कार्डावर दिसत होतं.

पण बस चढली. आबांनी हाफ क्लचवर एकेक वळण काढलं आणि गाडी माथ्यावर नेऊन उभी केली. नामदेवकाकांनी सिंगल बेल दिली. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून असे हसले की मी उठून कूलर लावला.

"पण भाऊ," नामदेवकाका पडद्यात डोकावत म्हणाले, "सवाऱ्या कुठं गेल्या?"

"लोडशेडिंगमधी गेल्या."

"मंग तिकीट कोनाले देऊ?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "याले दे. ओव्हरलोड यानंच केला. दंडासकट दे."

नामदेवकाकांनी टेबलावरचा हाताला लागला तो कागद उचलला, चिमट्यात धरला, कट् केलं आणि अदबीनं माझ्या हातात ठेवला. तो कार्डाचा वॉरंटीचा कागद होता. भोक बरोबर नंबरावर पडलं होतं.

सोमवारी मी कार्ड परत करायला यवतमाळला गेलो. दुकानदारानं तो कागद उजेडात धरला आणि भोकातून माझ्याकडे बघितलं. येताना मी साडेसहाशेचा डबा घेऊन आलो. आता बसमध्ये सवाऱ्या आहेत, घाटात पाऊस आहे, आणि नामदेवकाका गुडघ्यांना न विचारता येतात.

गेल्या आठवड्यात एका शेतात तीनच्या मंजुरीवर पाचाची मोटार सापडली. मी नेहमीच्या ऐटीत रबराचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर शेतकरी हात जोडून म्हणाला, "आता काय सांगू साहेब, घेताना वाढत्या अंगाची घेतली जी."

मी पेनाला टोपण लावलं आणि त्याला म्हणालो, जरा पाणी द्या.